अठ्ठावीस दिवसांचा महिना

हल्ली आमच्या तरुण मंडळीत एक मत इतक्या आत्मविश्वासाने मांडले जाते की, त्यास विरोध करणारा मनुष्य एक तर केबलवाल्याचा मेहुणा असला पाहिजे किंवा त्यास गणित तरी येत नसले पाहिजे, असेच ऐकणाऱ्यास वाटावे. ते मत असे : केबल अथवा डिश घेऊन दूरदर्शन-संचावर कार्यक्रम पाहणे हा आता निव्वळ अपव्यय होय. ज्यास जे पाहावयाचे असेल ते त्याने ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटच्या वाटेने येणाऱ्या सेवांवर, आपल्या सवडीने पाहावे. त्यात पैसाही वाचतो आणि स्वातंत्र्यही लाभते.

प्रस्तुत लेखक केबलवाल्याचा मेहुणा नाही. गणिताविषयी म्हणाल, तर ज्याच्या आयुष्याची वीस-बावीस वर्षे देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या चाळण्यात गेली, त्याला बेरीज-वजाबाकी तरी येत असावी एवढे वाचकांनी गृहीत धरावे. ह्या मताशी आमचे भांडण आहे ते ते नवे आहे म्हणून नव्हे. त्याचा हिशेब चुकीचा आहे, आणि चुकीच्या हिशेबावर घरातील एका माणसाचा हक्क परस्पर खर्ची टाकला जातो, म्हणून आहे.

प्रसंग घरातलाच सांगतो. डिचोली तालुक्यातील आमच्या मूळ घरी, थोरल्या बंधूंच्या पश्चात, वहिनी आणि त्यांचा मुलगा राहतात. पुतण्या मोपाच्या विमानतळावर नोकरीस आहे. मुलगा कष्टाळू, मातृभक्त आणि काटकसरी. त्याने एके दिवशी केबल बंद केली. आषाढी एकादशीच्या पहाटे वहिनी नेमाप्रमाणे आंघोळ करून, निरांजन लावून, पंढरपूरची महापूजा पाहावयास संचासमोर बसल्या. सह्याद्री वाहिनीवर ती त्या कित्येक वर्षे पाहत आलेल्या. भाऊ होते तेव्हा दोघे मिळून पाहत. त्या दिवशी पडद्यावर निळा रंग आणि इंग्रजी अक्षरे एवढेच होते. त्यांनी मुलाला फोन लावला : "पुता, आयज कितेंच दिसना रे." मुलगा रात्रपाळीला. तो म्हणाला, "आई, तें म्हज्या मोबायलार दिसता." आणि तो मोबाइल त्या वेळी पेडणे तालुक्यात, त्याच्या खिशात होता.

पुढे चतुर्थीला आम्ही सर्व जमलो तेव्हा मी हा विषय काढला. त्याने निमूटपणे एक कागद पुढे केला. अशी शिस्त मला आवडते. म्हणून त्या कागदाचे उत्तरही कागदानेच दिले पाहिजे.

कागद असा होता. केबलचे मूळ शुल्क महिना १३० रुपये, निवडलेल्या वाहिन्यांचे १५०, त्यावर १८ टक्के कर. मासिक ३३० रुपये ४० पैसे. वर्षाचे, पैसे पूर्णांकात घेऊन, ३,९६५ रुपये. समोरच्या बाजूस २०२५ सालचे दर : नेटफ्लिक्सची मोबाइल-योजना महिना १४९, वर्षाचे १,७८८, ॲमेझॉन प्राइम लाइट वर्षाला ७९९, जिओहॉटस्टारची मोबाइल-योजना वर्षाला ४९९. एकूण ३,०८६. वजाबाकी केली असता वर्षाकाठी ८७९ रुपयांची बचत.

बेरीज बिनचूक आहे. आणि ज्या तालुक्यात खाणी २०१२ साली थांबल्या, कशाबशा पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या, तेथील घरात आठशे एकोणऐंशी रुपये ही हसण्यावारी नेण्याची रक्कम नव्हे, हेही मी जाणतो. दारात उभे राहून गंजलेले ट्रक आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. तथापि ज्या दोन वस्तूंची वजाबाकी केली त्या वस्तू एकाच जातीच्या आहेत काय? तांदळाच्या खंडीतून नारळांचे शेकडे वजा केल्यास उत्तर काही तरी येईलच. पण ते उत्तर कशाचे? केबलचे ३,९६५ रुपये हे एका घराचे भाडे आहे. त्या भाड्यात संचासमोर बसेल तो प्रत्येक मनुष्य, आला-गेला पाहुणा, शेजारची मुले आणि ओट्यावरून डोकावणारा पाडेलीसुद्धा, येतो. कागदावरच्या तीन योजनांपैकी दोन तर घरातील मोठ्या पडद्यावर चालतच नाहीत. त्या हाताच्या तळव्याएवढ्या काचेवर, एका वेळी एका माणसासाठी आहेत. तिसरी जाहिरातींसकट आहे. तेव्हा पुतण्याने घराचे भाडे वाचवून स्वतःपुरती एक खाट घेतली, आणि आईला ओसरीवर ठेवले. त्याच्या मनात तसे काही नव्हते. परंतु कागद मनातले लिहीत नाही.

आता सारख्यास सारखे लावून पाहू. घरातील पडद्यावर, दोन माणसांना एकाच वेळी दिसेल अशी नेटफ्लिक्सची योजना २०२५ साली महिना ४९९ रुपयांना होती; वर्षाचे ५,९८८. प्राइमची पूर्ण वर्गणी वर्षाला १,४९९. जिओहॉटस्टारची वरची योजना वर्षाला १,४९९. एकूण ८,९८६ रुपये. केबलच्या सव्वादोन पट. मराठी मालिका पाहणाऱ्या घरास हेही पुरत नाही, कारण मालिका वाहिन्यांप्रमाणे विभागलेल्या : स्टार प्रवाहची मालिका एका सेवेवर, तर झी मराठीची झी-५ वर. इंटरनेटचा खर्च मी जाणूनबुजून धरलेला नाही. मुलांच्या अभ्यासाला आणि नोकरीला ते घरात हवेच असते, हा प्रतिपक्षाचा मुद्दा मला मान्य आहे. तो धरला तर अंतर आणखी वाढते एवढेच.

प्रतिपक्ष म्हणेल : सगळ्या सेवा एकदम घ्या असे कोणी सांगितले? एक महिना ही, दुसऱ्या महिन्यात ती. नको तेव्हा बंद. हा युक्तिवाद तोंडावर फार शोभतो. प्रत्यक्षात काय घडते? वर्गणी आपोआप कापली जाण्याची संमती एकदा दिली की ती कापली जात राहते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा वसुलीपूर्वी चोवीस तास आधी सूचना देणे बंधनकारक केले हे चांगलेच झाले. पण ती सूचना येते मुलाच्या मोबाइलवर, इंग्रजीत, आणि इतर तीस सूचनांच्या गर्दीत. महिन्याच्या महिन्याला दारात उभा राहून "वहिनी, केबलचे पैसे" म्हणणारा माणूस निदान आठवण तरी करून देई. त्याला "पुढच्या महिन्यापासून नको" असे तोंडावर सांगता येई, आणि तो का म्हणून विचारीही.

मोबाइलच्या रिचार्जचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या पंचांगात महिने अनेक प्रकारचे आहेत. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, सावन मास तीस दिवसांचा, सौरमास तीस-एकतीसचा, नाक्षत्रमास सत्तावीस दिवस आणि काही घटिकांचा. अठ्ठावीस दिवसांचा महिना मात्र कोणत्याही सिद्धांतात नाही. तो मोबाइल-कंपन्यांनी शोधून काढला. बारा वेळा रिचार्ज करून वर्ष पुरे होत नाही, तेरावा करावा लागतो. आमच्याकडे अधिकमास सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एकदा येतो आणि त्यात जावयाला वाण देतात. कंपनीचा अधिकमास दरवर्षी येतो आणि जावईही तीच. तक्रारी झाल्या तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२२ साली प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची निदान एक तरी योजना ठेवलीच पाहिजे असे फर्माविले. दुकानात जाऊन ती मागून पाहा. दुकानदार प्रथम अठ्ठावीसचीच सांगतो.

येथे केबलची बाजू घेतल्याचा आरोप माझ्यावर येईल, म्हणून केबलचेही वाभाडे काढून ठेवतो. ज्या धंद्याने पंचवीस वर्षे आम्हांला हव्या असलेल्या चार वाहिन्यांबरोबर नको असलेल्या चाळीस गळ्यात बांधल्या, तो धंदा काही साधुसंतांचा नव्हता. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दररचना अमलात आली : मूळ शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर, त्यात शंभर वाहिन्या, आणि पैशाच्या वाहिन्या ज्याला हव्या त्याने सुट्या घ्याव्या. हेतू स्तुत्य होता. परंतु गठ्ठ्यात घालता येईल अशा वाहिनीची कमाल किंमत १९ रुपये ठरताच बऱ्याच लोकप्रिय मनोरंजन-वाहिन्यांनी आपली सुटी किंमत नेमकी १९ च ठेवली, आणि गठ्ठे इतके स्वस्त केले की सुटे घेणारा मूर्ख ठरावा. अनेकांचे बिल कमी न होता वाढले. शिवाय पावसाळ्यात डिचोलीत एखादी फांदी तारेवर पडली की दोन दिवस पडदा आंधळा, आणि फोन उचलणारा कोणी नाही, हा अनुभव आम्हीही घेतला आहे. आमच्या वाड्यावरच्या एका केबलवाल्याने तर पैसे घेऊन पावती कधी दिली नाही.

परंतु पाहा, मी हे सर्व दर आकड्यांनिशी सांगू शकतो, याचे कारण काय? कारण ते दर कोठे तरी नियमात लिहिलेले आहेत. १३० कोणी ठरविले, शंभराच्या दोनशे वाहिन्या २०२० साली कोणी केल्या, घरातील दुसऱ्या संचाला मूळ शुल्काच्या चाळीस टक्क्यांहून अधिक घेऊ नये असे कोणी म्हटले, हे उघड आहे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने मूळ शुल्कावरील ती कमाल मर्यादा काढून घेतली आणि कंपन्यांच्या विवेकावर सोडली. हा निर्णय मला पसंत नाही. पण तो निर्णय चर्चापत्र काढून, आक्षेप मागवून झाला, आणि नापसंत म्हणता येण्यासाठी तो कोणी तरी आपल्या नावाने घेतलेला आहे. ओटीटीच्या दरांना असा धनी नाही. तेथे कंपनी ठरवील तो दर, ठरवील त्या दिवसापासून. त्या सेवांवर काय दाखवावे याविषयी २०२१ साली सरकारने नियम केले. काय आकारावे याविषयी मात्र कोणताही नियम नाही.

देवस्थानाशी संबंध असलेल्या वाचकांस हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. १९३३ चे महाजनांविषयीचे पोर्तुगीज नियमपत्र पुष्कळांना जाचक वाटते, आणि त्यातील काही कलमे खरोखरच कालबाह्य आहेत. पण दर तीन वर्षांनी समितीची निवडणूक, अंदाजपत्रक, हिशेबाची तपासणी आणि वर मामलेदाराची नजर, एवढे त्या कायद्याने लावून दिले. देवीच्या पेटीतील नाणेसुद्धा कोणा एकाच्या मर्जीवर सोडले नाही. मग माझ्या पुतण्याच्या बँकेतून दरमहा जाणारा पैसा ज्यांच्या मर्जीवर सोडला आहे, ते देवीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरले काय?

त्या मर्जीचा इतिहास लहान पण बोधप्रद आहे. प्राइमची वार्षिक वर्गणी आरंभी ४९९ रुपये होती. मग ९९९ झाली. डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९ झाली. पाच-साडेपाच वर्षांत तिप्पट. जून २०२५ पासून त्याच वर्गणीत जाहिराती दिसू लागल्या, आणि त्या नको असल्यास वर्षाला आणखी ६९९ रुपये. केबलवर जाहिराती असतात म्हणून जे ओटीटीवर गेले त्यांच्यामागून जाहिरातीही चालत गेल्या. क्रिकेटचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या हक्कांसाठी दूरदर्शन-प्रक्षेपणाचे २३,५७५ कोटी रुपये मोजले गेले आणि डिजिटल प्रक्षेपणाचे त्याहूनही किंचित अधिक. इतका पैसा ओतून २०२३ आणि २०२४ साली जिओसिनेमाने सामने फुकट दाखविले. तेव्हा आमच्या गावातील पोरे म्हणत, "काका, केबलीक पयशे कित्याक?" नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील हे व्यवसाय एक झाले, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झाले, आणि त्या वर्षीच्या आयपीएलला फुकटचा मांडव उतरविण्यात आला. वर्गणी भरा किंवा सांगू तो रिचार्ज करा. आणि आता वाहिनीचा मालक आणि ॲपचा मालक एकच आहे. केबल सोडून ॲपवर गेलेला गिऱ्हाईक एका खिडकीवरून उठून त्याच दुकानाच्या दुसऱ्या खिडकीवर गेला, एवढाच अर्थ.

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातील दर उतरविले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सर्वांत लहान योजना १९९ वरून १४९ वर आली, त्यापुढची ४९९ वरून १९९ वर. पण का उतरविले? तीनशे रुपयांत घरभर करमणूक देणारी केबल येथे घरोघर होती म्हणून. केबलचा स्वस्त दर हाच ओटीटीच्या दराला घातलेला बांध आहे. देशातील डिशचे चालू ग्राहक २०२० च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते, ते २०२५ पर्यंत सहा कोटींच्याही खाली आले. बांध फुटला की पाणी कोठवर चढते ते अमेरिकेत दिसले. तेथे नेटफ्लिक्सची केवळ इंटरनेटवरील सेवा २०१० च्या अखेरीस ७.९९ डॉलरला, जाहिरातींवाचून मिळू लागली. जानेवारी २०२५ मध्ये जाहिराती नसलेली तिची साधारण योजना १७.९९ डॉलरवर गेली, आणि ज्या योजनेत मध्ये मध्ये जाहिराती पाहाव्या लागतात तिची किंमत, योगायोग पाहा, ७.९९ डॉलर.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातील ग्राहकांना कळविले की, एक खाते एका घरापुरतेच. घराबाहेरच्यांनी आपले वेगळे घ्यावे. घर म्हणजे काय? तर एका जागी, एकाच इंटरनेट-जोडणीवर राहणारी माणसे. व्यापाऱ्याने आपला माल राखावा याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु घराची ही व्याख्या आमच्या भूमीत कोणाच्या गळी उतरेल? पेडण्यातील वा डिचोलीतील कोणतेही मूळ घर घ्या. एक भाऊ गावात, एक पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, एक मुंबईस, बहीण सावंतवाडीस दिलेली. देवघर एकच, कुळाचार एकच, चवथीचा गणपती एकच, आणि माटोळी बांधावयास सर्वांचे हात. वर्षभर कुलूप असलेले घरसुद्धा आमच्या लेखी घरच असते. महाजनांच्या यादीत नाव लागते ते कुळावरून. कोणाची इंटरनेट-जोडणी कोणती हे पाहून नव्हे. पर्वरीच्या भावाने आईसाठी गावात आपले खाते चालू करून दिले तर तो आता नियमभंग ठरतो! केबलवालाही प्रत्येक घराचे वेगळे पैसे घेतो हे खरे. पण तो घर कशाला म्हणावे हे शिकवावयास येत नाही, आणि घरात आईला व मुलाला वेगवेगळ्या माणशी पट्ट्या लावीत नाही.

खरे पाहता आमच्या लोकांनी करमणुकीचा खर्च कसा उचलावा याचा एक उत्तम पाठ पूर्वीपासून घालून ठेवला आहे. पेडण्यातील आणि शेजारच्या वेंगुर्ले-सावंतवाडी भागातील जत्रांतून दशावतारी काला होतो. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशा मंडळींची नावे घरोघर ठाऊक. मंडळीची बिदागी ठरते ती रात्रीवर. बघणाऱ्यांच्या डोक्यांवर नव्हे. ती कधी देवस्थान देते, कधी नवस फेडणारा यजमान, कधी वाड्याची वर्गणी. एकदा रात्र विकत घेतली की संकासुराची मस्करी पाहावयास शंभर जण बसोत की हजार. ज्याने पन्नास रुपये दिले तो आणि ज्याने काहीच दिले नाही तो, दोघेही त्याच मातीत, त्याच चटईवर. डिचोलीच्या नव्या सोमवाराला रात्रभर गाण्याच्या बैठकी होतात; तेथे कोणी पडदे मोजीत नाही. गोव्यातील देवळांच्या मांडवात उत्सवाची संगीत नाटके पिढ्यान्‌पिढ्या झाली ती याच व्यवस्थेवर. ज्याची ऐपत आहे त्याने अधिक द्यावे आणि सर्वांनी मिळून पाहावे, हा तो हिशेब. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा गावातील ज्या एका-दोन घरी संच होता तेथे अर्धा वाडा जमे, तोही त्याच हिशेबाचा विस्तार. केबलने तो घरापुरता आखडला. ओटीटीने तो माणसापुरता आखडला, आणि दर माणशी पावती फाडली.

भाषेचा प्रश्न यातच येतो. ज्या भांडाराचे पूर्ण पैसे आम्ही मोजतो त्यात मराठीची दालने थोडी, आणि कोकणीचे दालन शोधून सापडले तर देव पावला. १९८७ च्या राजभाषा कायद्याने आणि १९९२ साली आठव्या परिशिष्टातील समावेशाने जिला मान मिळाला, ती भाषा या जागतिक बाजारात हिशेबालाही धरली जात नाही. तिचे बोलणारे थोडे, म्हणून. उलट गोव्यातील स्थानिक वाहिन्यांवर कोकणीतून बातम्या लागतात, जत्रेची पालखी दिसते, ओळखीच्या माणसांची तोंडे दिसतात. या वाहिन्यांना घरोघर नेणारी वाट मुख्यत्वे केबलचीच होती. आजकाल गावातील मुले मोबाइल उभा करून यूट्यूबवर पालखी दाखवितात, आणि परगावी गेलेल्यांना तो मोठाच आधार आहे; त्याचे मला कौतुकच आहे. पण तो काही वर्गणी घेणाऱ्या सेवांचा गुण नव्हे.

मग करावे काय? केबलवाल्याच्या पाया पडा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ओटीटीच्या दरांनाही कोणी तरी नियामक असावा. दर बदलण्यापूर्वी पुरेशा मुदतीची सूचना, ती ग्राहकाच्या भाषेत. तक्रार ऐकावयास बोलता येणारा मनुष्य. आणि महिना म्हणजे महिना. सरकारला हे करता येत नाही असे नाही. प्रसार भारतीने वेव्हज नावाची स्वतःची सेवा २० नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू केली ती गोव्यातच, चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात, आणि उद्घाटन केले ते आमच्याच साखळीचे प्रतिनिधी असलेल्या मुख्यमंत्र्यांनी. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या पाहता येतात. हे किती घरांत ठाऊक आहे? त्याहून जुनी सोय म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरपासून ती आहे, देशातील चार कोटींहून अधिक घरे ती पाहतात, महिन्याचे भाडे शून्य, आरंभी डिश आणि पेटीला दीड-दोन हजार रुपये, आणि तीत सह्याद्री आहे. गंमत अशी की, ज्या तरुणांना प्रत्येक योजनेचे बारकावे तोंडपाठ असतात त्यांना हिचे नाव काढले की हसू येते. फुकट मिळते ते गरिबांचे, असा काही समज झालेला दिसतो.

पुतण्याला मी हेच सांगितले. वाचलेल्या ८७९ रुपयांत आणखी तेवढेच घालून घराच्या छपरावर फ्री डिश लाव. तुझ्या तीन वर्गण्या तुझ्या खिशात सुखाने नांदू देत. त्याने कागद परत घेतला, पुन्हा बेरीज केली, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "काका, आईक विचारूंक जाय आशिल्लें." यावर मी काही बोललो नाही, बोलण्यासारखे त्यानेच बोलून टाकले होते.

डिश बसवावयास मुलगा आला. तिचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते, आणि आमच्या आग्नेयेला नेमका भाऊंनी लावलेला माड. दोन चुड्या आड येतात म्हणाला. सिग्नल येतो आणि वारा सुटला की जातो. माड तोडावयास वहिनी तयार नाहीत, आणि तोडू नयेच. पाडेलीला निरोप धाडला आहे. तो गुरुवारी येतो म्हणतो. कार्तिकीला अजून नऊ दिवस आहेत.